दोन दाते डावीकडे

सेंटरवाल्या चाचांनी आधी मोजल्याशिवाय कुठल्याच गाडीचं स्टेरिंग खोललं नाही. चाक या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायचं, फेरे मोठ्याने मोजायचे, निम्मे करायचे, तिथे चाक थांबवायचं आणि दांड्यावर पंचने एक ठिपका मारायचा. "साडेपाच फेरे, निम्मे पावणेतीन. हा सेंटर. आता खुशाल खोला." पनवेलच्या जुन्या हायवेलगत त्यांची पत्र्याची शेड होती. त्यांचं खरं नाव मला त्यांच्या जनाज्याच्या दिवशी कळलं.

भांडण मिटवायलाही ते हीच रीत वापरत. शेडमध्ये दोन ड्रायव्हर हमरीतुमरीवर आले की चाचा एकाचं सगळं ऐकत, मग दुसऱ्याचं, आणि म्हणत, "दोन्ही टोकं मोजल्याशिवाय मधला समजत नाही." तोवर भांडणाऱ्यांना कंटाळा आलेला असे.

मी त्यांच्याकडे गेलो तो नाना वारल्यावर. नाना म्हणजे माझे वडील. लांब नाकाच्या जुन्या ट्रकवर त्यांनी तीस वर्षं आपट्याकडच्या भट्ट्यांच्या विटा वाहिल्या. त्या ट्रकची चासी गंजून पार चाळण झाली होती. मी तळोज्याला पाण्याचा टँकर चालवतो, टँकरची चासी नवी. नानांचं स्टेरिंग, चाकापासून खालच्या दांड्यापर्यंत सगळं, माझ्या टँकरला बसवायचं असं मी ठरवलं. का, ते मला सांगता आलं नसतं. नाना गेले तेव्हा मला रडू आलं नव्हतं, दहाव्याला नाही, तेराव्यालाही नाही. बायको घाबरून माझ्याकडे बघायची. मी जेवत होतो, झोपत होतो, टँकर भरत होतो. आत काहीच हलत नव्हतं.

चाचांनी दोन्ही गाड्या पाहिल्या आणि डोकं खाजवलं. जुना दांडा उभा आणि लांब, नव्या चासीचा स्टेरिंग बॉक्स पुढे आणि आडवा. दोघांच्या टोकांवरचे दातेही जुळेनात. मी म्हटलं, वेल्डिंग मारून टाका. ते म्हणाले, "वेल्डिंग दरवाज्याला. दरवाजा निखळला तर लोक हसतात. स्टेरिंग निखळलं तर हसायला आपण उरत नाही." मग त्यांनी एका टोकाला जुने दाते आणि दुसऱ्याला नवे अशी नळी लेथवर करून घेतली, वळणाच्या जागी दोन क्रॉस, म्हणजे कुठल्याही बाजूला वळणारे सांधे, घातले. तीन आठवडे लागले. माझा टँकर शेडमध्ये उभा आणि मी त्यांच्या स्टुलावर.

एका दुपारी ते गाडीखालून म्हणाले, "बेटा, तू टोकाला जाऊन बसलायस."

"कुठल्या टोकाला?"

"न रडायच्या. त्या टोकाला चाक अडकलं की गाडी तिथल्या तिथेच गोल फिरते."

मला राग यायला हवा होता. तोही आला नाही.

काम झालं. चाचा शेजारी बसले आणि आम्ही आपट्याच्या रस्त्याला लागलो. स्टेरिंग लोण्यासारखं, टँकर सरळ, चाकही अगदी सरळ. पण माझा डावा हात पुन्हापुन्हा खाली सरकत होता. नानांच्या चाकावर एक जागा झिजून गुळगुळीत झाली होती, त्यांच्या तळव्याची. माझा तळवा जिथे पडत होता त्याच्या चार बोटं वर ती जागा होती. कारण नानांचं चाक कायम डावीकडे कललेलं असे. कधीतरी दगडावर आपटून त्या ट्रकच्या पुढच्या चाकांना जोडलेला रॉड वाकला होता आणि त्यांनी तो सरळ केलाच नाही. कुणी टोकलं तर म्हणायचे, "गारी सरल जाते ना? मंग चाक कुठं बगतंय, त्याचा तुला काय करायचाय?"

मी चाचांना एवढंच म्हणालो, "छान झालंय."

चाचा माझ्या हाताकडे बघत होते. शेडवर परतल्यावर त्यांनी नानांची ती जागा बोटाने चाचपली, हॉर्नची टोपी काढली, नट सोडला, चाक उपसलं, दोन दाते डावीकडे फिरवलं आणि पुन्हा बसवलं. मग पंच घेतला. एक ठिपका खऱ्या सेंटरला होताच, दुसरा नव्या जागी मारला. "आयुष्यात पहिल्यांदा वाकडं बसवलंय," ते म्हणाले. "आता हात ठेव."

मी हात ठेवला. तळवा बरोबर त्या जागेवर पडला. रडू नाही आलं, पण हात बराच वेळ तिथून निघाला नाही. चाचा पाठ करून हत्यारं पुसत राहिले.

चार महिन्यांनी चाचा गेले. कब्रस्तानाबाहेर त्यांच्याच शेडवर वाढलेले ड्रायव्हर उभे होते. एक जण म्हणाला, "शेवटी शेवटी हात चुकायला लागला होता चाचाचा. याच्या टँकरचं चाक बघा, वाकडं." बाकीचे हळहळले. ज्या माणसाने उभा जन्म एक दाता चुकू दिला नाही, त्याच्याबद्दल. मला फक्त एक वाक्य बोलायचं होतं. मी चपला शोधत राहिलो.

परवा तळोज्याच्या एका मिस्त्रीने चाक पाहिलं. "कुठल्या अडाण्याने बसवलंय हे? दोन मिनिटांत सरळ करतो."

मी स्वतः हॉर्नची टोपी काढली आणि त्याला दोन ठिपके दाखवले. त्याने वाकून पाहिलं, बोटाने दाते मोजले. तो कारागीर होता, त्याला समजलं. "मुद्दाम?" त्याने विचारलं.

"मुद्दाम," मी म्हणालो, आणि पुढचं बोलता येईना. मिस्त्रीने पाणी आणून दिलं. त्याला वाटलं, मला उन्हाचा त्रास झाला.

संध्याकाळी मी टँकर पनवेलच्या त्या शेडसमोर उभा केला. ते सगळे ड्रायव्हर चहा पीत बसले होते. मी हॉर्नची टोपी काढून मांडीवर ठेवली आणि त्यांना एकेकाला केबिनमध्ये बोलावलं.