चौघांची घाई

तयार कपड्यांच्या त्या मोठ्या दुकानामागे एक लांबट खोली होती आणि तिथे आत्या बसायची. खरं तर ती तिथल्या कुणाचीच आत्या नव्हती. एकदा ती डबा विसरली म्हणून तिची भाची तो द्यायला आली, तिने दारातून ‘आत्या’ अशी हाक मारली, आणि त्या दिवसापासून मालकापासून झाडूवाल्यापर्यंत सगळ्यांची ती आत्या झाली. पँटची लांबी कमी करायची, कंबर सैल करायची, चेन बदलायची, हे तिचं काम. पन्नाशी उलटलेली, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, तोंडात टाचण्या. अशा बाईच्या मशीनशेजारच्या कॅसेट प्लेअरवर काहीतरी हळवं, डोळे मिटून ऐकायचं लागत असेल, असं कुणालाही वाटावं. प्रत्यक्षात तिथून गिटारचा दणदणाट आणि ड्रमची आदळआपट यायची. नवीन गिऱ्हाईक दचकायचं, जुनं मान डोलवायचं.

बँड चौघांचा होता. आत्या त्यांना ‘आमचे चौघे’ म्हणायची, जणू एका ताटात जेवून मोठे झालेत. कॅसेट त्यांच्या एका जाहीर कार्यक्रमाची होती, त्यामुळे गाण्यांइतकीच तिला गर्दीही पाठ होती. टाळ्या कुठे येतात, गायक श्वासाला कुठे थांबतो, आणि तिसऱ्या गाण्यात ऐन शांत जागी कोण शहाणा शिट्टी मारतो. त्या शिट्टीवाल्याला ती रोज न चुकता एक शिवी हासडायची. शब्द परक्या भाषेतले, तिला अर्धेमुर्धेच कळत, पण त्यावाचून काही अडलं नाही. गायकाचा आवाज जड, संथ. सांगायचं खूप आहे पण घाई कसली, असा. त्या आवाजावर तिचा जीव होता.

कॅसेट आणली होती दादाने, म्हणजे तिच्या मोठ्या भावाने. तेव्हा आई नुकतीच गेली होती. आईचं शिलाई मशीन खिडकीपाशी होतं आणि आत्या, तेव्हाची कोवळी पोर, त्याच्यासमोर नुसती बसून राहायची. पाय खालच्या पट्टीवर, पण हलायचा नाही. लोकांचे शिवायला आलेले कपडे तसेच पडून. एके दिवशी दादाने मित्राच्या घरच्या टेपवरून ही कॅसेट उतरवून आणली आणि काही न बोलता लावली. दुसऱ्या गाण्याला तिचा पाय हलला. एका ठोक्याला एक दाब, पुढच्या ठोक्याला दुसरा. तिची शिवायची गती तेव्हा ठरली ती कायमची. पुढे मालक म्हणायचा, “आत्या, जरा हात चालवा की.” हात कुठून चालणार, पाय चौघांच्या ताब्यात. पण तिची टीप उसवलेली कुणी पाहिली नव्हती, म्हणून मालक फार ताणत नसे.

सगळं सुखाने चाललं होतं. मग भाची, दादाची मुलगी, कमावती झाली, आणि तिने चौघांचा तोच कार्यक्रम फोनवर शोधून आत्याच्या कानाला लावला.

आत्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. “हे कोण?”

“तुझेच चौघे.”

“हे? हा तर मिसरूड न फुटलेला पोरगा ओरडतोय. आणि मागे आग लागल्यासारखे पळतायत कशाला?”

“अगं, तोच कार्यक्रम आहे. शिट्टी ऐक, तीच आहे.”

“शिट्टी तीच, पण चिरकी. कंपनीने पळवलीयत गाणी. थोडक्यात उरकायची म्हणजे.”

“आणि तुझी कॅसेटच रेंगाळत असेल तर?”

हे मात्र वर्मी लागलं. आत्याने प्लेअर दुरुस्तीवाल्याकडून तपासून आणला, आतला पट्टाही घट्ट, प्लेअर ठणठणीत निघाला. शेजाऱ्यांच्या प्लेअरवर कॅसेट लावून दाखवली, तिथेही गायक तसाच जड. झालं, आत्याच्या मते निकाल लागला. भाचीच्या मते नाही. रविवारी सगळे जेवायला एकत्र बसले की हा वाद निघायचाच, आणि वाद निघाला की दादा उठून स्वयंपाकघरातला नळ बघायला जायचा. नळाला काहीही झालेलं नसायचं.

आणि एक दिवस बातमी आली की चौघे शेवटच्या दौऱ्यावर निघालेत आणि इथे, या शहरात येणार आहेत. मोकळ्या मैदानावर, भर दुपारी कार्यक्रम. आत्याला दोन घास कमी जाऊ लागले.

“आता समोरासमोर ऐकू,” ती भाचीला म्हणाली. “मध्ये मशीन नाही, कंपनी नाही. जो खोटा ठरेल त्याने रविवारी सगळ्यांसमोर कबूल करायचं, आणि पुन्हा आयुष्यात विषय काढायचा नाही.”

दादा गुडघ्यांचं कारण सांगू लागला. आत्याने ऐकलं नाही. “कॅसेट तू आणलीस. तुला यावंच लागेल.”

मैदानावर तिच्या वयाची माणसं ढिगाने होती, हे बघून तिला बरं वाटलं. चौघे आले. केस पिकलेले, एकाचं पोट सुटलेलं, पण गाणं तेच असणार असं तिने ठरवूनच टाकलं. ड्रमवाल्याने काठ्या आपटून ठोके दिले. आत्याचा उजवा पाय आपसूक उचलला गेला, आणि खाली टेकायच्या आत गाणं पुढे निघून गेलं होतं.

पहिल्यांदा तिला वाटलं, आपलंच चुकलं. तिने पुन्हा पाय उचलला. पुन्हा तेच. शेजारची बाई नाचत होती, मागचा माणूस डोळे मिटून शब्दन् शब्द म्हणत होता, सगळ्यांना जे सापडलं होतं ते हिलाच सापडत नव्हतं. गायक तर पार दुसराच. आवाज हलका, वरचा, या वयातही पोरगेला. म्हातारपणी माणसाचा आवाज उलट तरुण होतो का? का भीतीने पळतायत? का आपले कान गेले? तिने भाचीकडे बघितलं. भाची आनंदाने उड्या मारत होती. तिने दादाकडे बघितलं. दादा स्टेजकडे पाठ करून मैदानाचं कुंपण न्याहाळत होता. आत्याला भर गर्दीत एकटं वाटलं, आणि या वयात, या कारणासाठी, रडू येतंय याची लाजही वाटली.

चौथ्या-पाचव्या गाण्याला मात्र तिच्या पायाला काहीतरी ओळखीचं लागलं. ही धाव तिला माहीत होती. शिलाई मशीनचा पट्टा सैल झाला की चाक घसरतं, मशीन सुस्तावतं, त्याचा आवाजही जड होतो. मग ती पट्टा थोडा कापून आवळायची, आणि पहिले काही तास मशीन असंच पायाच्या पुढे पळायचं.

कार्यक्रम संपला. भाची पाणी आणायला गेली. मैदानाबाहेरच्या बाकावर आत्याने विचारलं, “दादा, तुझ्या मित्राकडे ज्या टेपवरून कॅसेट उतरवली, त्याच्या आतला पट्टा सैल होता का रे?”

दादा बुटांकडे बघत राहिला. “होता.”

“तुला माहीत होतं?”

“त्याच आठवड्यात कळलं. तो म्हणाला, पट्टा बदललाय, ये, पुन्हा नीट उतरवून देतो. मी घरी आलो कॅसेट न्यायला. तू शिवत होतीस.” त्याने गुडघा चोळला. “इतक्या दिवसांनी शिवत होतीस. मी म्हटलं, राहू दे.”

“मग नंतर कधी सांगायचंस की.”

“नंतर काय सांगू? कसं सांगू?”

आत्याला राग आला. त्याच वेळी त्याच्या खांद्यावर डोकं टेकावं असंही वाटलं. दोन्ही एकदम कसं करायचं ते तिला कळेना, म्हणून ती नुसती बसून राहिली. आपण जन्मभर ज्यांच्यावर जीव टाकला ते नक्की कोण? ते आत्ता गाडीत बसून गेलेले चौघे, की एका सैल पट्ट्याने तयार केलेले दुसरेच कोणी? तो जड आवाज जगात कुठल्याच माणसाचा नव्हता, हे तिच्या डोक्यात शिरत होतं आणि लगेच बाहेरही पडत होतं.

भाची बाटल्या घेऊन आली. घामाने डबडबलेली, खुशीत. “मग आत्याबाई? ऐकलंस ना समोरासमोर? आता सांग, कोण खरं?”

दादाने मान वर केली नाही. पट्ट्याचं आत्ता निघालं, तर इतक्या वर्षांचं त्याचं नळ बघणंही निघणार होतं. तो उठायच्या बेतात होता, पण तिथे बघायला नळ नव्हता.

आत्याने बाटलीचं झाकण उघडलं, एक घोट घेतला.

“घाईत होते गं,” ती म्हणाली. “दमले असतील दौऱ्याने. त्यांना घरी जायचं असेल.”

“आत्या, हे म्हणजे अतिच झालं.”

“असू दे,” आत्या म्हणाली आणि बाटली दादाच्या हातात दिली.

तिघं बस थांब्याकडे निघाली. भाची पुढे फणकारत चालली होती. मागे दादा गुडघे सांभाळत, गुणगुणत येत होता. तिसरं गाणं, आणि तेही संथ, कॅसेटसारखं. शिट्टीची जागा आली तेव्हा तो बरोबर तेवढाच थांबला. आत्याने त्याच्याकडे बघितलं नाही, पण तिची पावलं त्या चालीत पडू लागली होती.