आत्याबाईंचा खांब

पावसाळ्यात सकाळी उठलं की आमच्या आत्याबाई आधी खांबाचं बूड दाबून बघत. दोन धारांच्या मधे, काटे चुकवून अंगठा टेकवायचा आणि क्षणभर थांबायचं. टणक लागलं तर मग तोंड धुणं, चूल, गोठा, सगळं. मऊ लागलं तर त्या दिवशी कोणी त्यांच्या वाटेला जात नसे. मी नवी नवरी म्हणून खालापूरच्या घरात आले तेव्हा हा प्रकार पाहून घाबरलेच होते. म्हटलं, कुठल्या घरात दिलं गं मला बाबांनी.

खांब म्हणजे निवडुंग. आपल्या बांधावर असतो तसला फताडा नव्हे. सरळसोट, हिरवागार, धारा धारांचा, माझ्या कमरेइतका उंच. पळसदरीच्या स्टेशनाजवळ रेल्वेतल्या कोणा ड्रायव्हरची मडम राहत असे. तिच्याकडे आत्याबाई भाजी घेऊन जात. ती मडम मुलूख सोडून निघाली तेव्हा तिने वीतभर तुकडा हातात ठेवला आणि सांगितलं, "बाई, पानी मत डालो." आत्याबाईंना हिंदी तेवढंच येई. पुढे जन्मभर तेच एक वाक्य त्या कुठेही वापरत. भातात कोणी जास्त आमटी ओतली तरी म्हणत, "पानी मत डालो."

पण पाणी घालायचं नाही म्हणजे काय, ते त्यांना पहिल्या पावसाने शिकवलं. आमच्याकडचा पाऊस तो. अंगणात ठेवलेला तुकडा बुडाशी कुजला. दुसरी कोणी असती तर उकिरड्यावर टाकून मोकळी झाली असती. ह्यांनी कुजकं कापलं, राख चोळली आणि उरलेला तुकडा चुलीमागच्या फळीवर ठेवून दिला. "बाळंतीण हाय ती," त्या सांगत. "वारा नको, पाणी नको, शेक पायजे." जखम सुकून कडक झाली तेव्हा पाताळगंगेची वाळू आणि विटांचा चुरा रॉकेलच्या डब्यात भरून त्यात तो उभा केला. तेव्हापासून खांब घरात. डबा अधूनमधून फिरवून ठेवायचा, नाहीतर उजेडाकडे झुकतो. "मानसासारखंच हाय त्याचं. जिकडं बरं दिसंल तिकडं कलतो," म्हणत.

आत्याबाई म्हणजे माझ्या सासऱ्यांची बहीण. लग्न होऊन वर्ष होतं न होतं तोच नवरा गेला आणि त्या भावाच्या घरी परत आल्या. राबायच्या चौघींइतकं. भात भावाचं, गाई भावाच्या, अंगावरचं लुगडं वहिनीचं जुनं. एकदा मी सहज विचारलं, एवढा का जीव त्या काट्यांवर? तर हसून म्हणाल्या, "काटे हायत म्हणून तर माजा राह्यला, पोरी. गुलाब असता तर कोनी तोडून नेला असता." मला हसू आलं नाही.

मला दिवस गेले. माहेरी आई नव्हती, म्हणून पहिलं बाळंतपण सासरीच करायचं ठरलं. आठवा महिना लागला तसं सासूबाईंनी फर्मान काढलं, "वन्सं, सून दिवसांची हाय. काटा घरात नाय चालायचा." ऐन आषाढ. बाहेर काढला की खांब कुजणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. आत्याबाई भांडल्या नाहीत. डबा उचलून गोठ्यात नेला आणि मागोमाग आपली घोंगडीही नेली. "तो गोठ्यात तर मी बी गोठ्यात." आणि खरंच राहिल्या. गोठा गळायचा, गळेल तिथून डबा हलवत बसायच्या. मला वाईट वाटे, पण सुनेने बोलायचे ते दिवस नव्हते.

मुलगी झाली. पाचव्या दिवशी सटवाईची पूजा. बाळंतिणीच्या दाराशी निवडुंग ठेवायचा, म्हणजे वाईट काही आत येत नाही. त्यावाचून पाचवी होत नसे आमच्याकडे. निवडुंग ओढ्यापलीकडच्या बांधावर आणि ओढा दुथडी भरलेला. गडी अर्ध्यातून परत आला. माझी खोली गोठ्याला लागून, मधे कुडाची भिंत. सासूबाई गोठ्यात जाऊन उभ्या राहिल्या ते मला कळलं. मागणार कुठल्या तोंडाने?

मग आत्याबाईंचाच आवाज आला. "कोयता दे, वयनी."

"वन्सं, भर पावसात कापला तर जगंल का तो?"

"नाय जगायचा बहुतेक. शेंडा घे. बूड रोगट हाय, देवीला ताजं पायजे."

कोयत्याचा एकच घाव ऐकू आला. माझ्या दाराशी तो हिरवा शेंडा आला तेव्हा त्यातून अजून पाणी झिरपत होतं. मी लेकीला पोटाशी धरून रडले. बाळंतिणीने रडू नये म्हणतात, रडले.

त्या संध्याकाळी सासूबाईंनी डबा स्वतः उचलून चुलीपाशी आणला. काटे टोचून हात रक्ताळले, तरी कोणाला हात लावू दिला नाही. कापल्या जागी राखही त्यांनीच चोळली. खांब जगला. पुढल्या उन्हाळ्यात कापल्या जागेखालून दोन फुटवे निघाले. नणंदा-भावजयींचं त्यानंतर सगळं गोड झालं असं नाही. तोंडाला तोंड होतंच. पण आत्याबाई पुन्हा गोठ्यात निजल्या नाहीत.

लेक न्हातीधुती झाली त्या साली आत्याबाई तापाने गेल्या. तेरावं उरकलं, तसे धाकटे दीर म्हणाले, "आता तो काटा काढून टाकू का, आई? जागा अडते."

सासूबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. वर न बघताच म्हणाल्या, "वन्संचं म्हणून ह्या घरात एवढंच होतं. आपल्या पोरीसाठी त्यांनी तेबी कापून दिलं. आनि आता तू काढतोस व्हय रं?"