सतरा नंबरची फिल्म

डॉ. सुलभा पेंढारकर यांना मी पहिल्यांदा पाहिले ते एक्स-रे खोलीत, दिव्याच्या पेटीसमोर. ऐंशीच्या दशकाचा मध्य होता. वडील रेल्वेत होते, त्यांची नागपूरहून जयपूरला बदली झाल्याने आम्ही खातीपुऱ्यात राहत होतो आणि मी एका मोठ्या रुग्णालयात तंत्रज्ञ म्हणून नुकताच लागलो होतो. बाईंनी (आम्ही सारे त्यांना बाईच म्हणतो) मान न वळवता विचारले, "मेश्राम ना? या. यात काय दिसतं सांगा." मला काहीच दिसले नाही. "नीट बघा. हा माणूस बाहेर बाकावर हसत बसलाय."

जयपूरजवळच्या झोटवाड्यात दगड घडवणाऱ्या कारागिरांच्या फुप्फुसांत धूळ साचत असे. कुणाचा आजार वाढेल आणि कुणाचा थांबेल, हे धाप लागण्याआधीच ओळखता यावे, हा बाईंचा ध्यास. सीटी स्कॅन तेव्हा नवे होते. फुप्फुसाचे आडवे काप दाखवणाऱ्या फिल्म आणि रक्ताचे अहवाल शेजारी ठेवून त्या आपला अंदाज वहीत लिहीत.

अंदाज खरे ठरू लागले. भँवरलालजी नावाचे कारागीर सायकलवरून गाणे म्हणत यायचे. बाईंनी त्यांना काम सोडायला सांगितले. त्यांनी ऐकले नाही. 'पुढच्या हिवाळ्यात जिना चढवणार नाही,' असे वहीत लिहिले गेले. पुढच्या हिवाळ्यात चौघांनी त्यांना खाटेवर घालून आणले. मग दुसरे, तिसरे. बाईंची स्कूटर गल्लीत शिरली की छिन्न्यांचे आवाज थांबत. बायका नवऱ्यांना आत पाठवत.

भँवरलालजी गेल्यावर त्यांच्या पत्नी गुलाबदेवी बाईंकडे आल्या. रडल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, "डॉक्टरनीजी, मेरे देवर को मत देखना. आप देखती हो, तभी होता है."

बाई त्या दिवशी जेवल्या नाहीत. "मेश्राम, माणूस माहीत असला की माझं मत आधीच बनत असेल का हो? मला नावं झाकून फिल्म द्या."

मी नावांवर काळा कागद चिकटवून नंबर घातले. तुलनेसाठी निरोगी माणसे हवीत म्हणून आम्हा रुग्णालयातल्या सगळ्यांच्या फिल्म आणि अहवालही त्यात मिसळले. दुपारभर बाईंनी आजार वाढणारे आणि बाकीचे असे दोन गठ्ठे केले. सतरा नंबरला त्या थांबल्या.

"हा वाढणार. याच्या घरी कोण आहे? बोलावून घ्या."

यादी माझ्या हातात होती. मी नंबर पुन्हा ताडून पाहिला.

"कोण आहे, मेश्राम?"

"बाई... तुम्ही."

बाईंनी स्वतःच्या फुप्फुसांकडे परक्याची असावीत तसे पाहिले. "मला तर खोकलाही नाही," त्या हळूच म्हणाल्या. भँवरलालजीही हेच म्हणाले होते. मग त्यांनी ती फिल्म वाढणाऱ्यांच्याच गठ्ठ्यात ठेवली.

दुसऱ्या दिवशी त्या नेहमीप्रमाणे ओपीडीत बसल्या. संध्याकाळी मला घेऊन गुलाबदेवींच्या दारी गेल्या. "मेरा भी दिखा है," त्या म्हणाल्या. "अब पता चला, सुनकर कैसा लगता है." गुलाबदेवींनी त्यांना आत घेतले. आठवड्याने गुलाबदेवी दिराला स्वतः घेऊन आल्या. दिरांच्या आजाराची सुरुवातच होती. बाईंनी मालकाशी भांडून त्यांना धुळीतून काढून गोदामात काम मिळवून दिले. ते आज नातवंडांत आहेत.

फुप्फुसाचा तुकडा तपासल्यावर बाईंचा आजार धुळीचा नसून वेगळाच असल्याचे निघाले. दर सहा महिन्यांनी मीच त्यांची फिल्म काढत असे. तिसऱ्या वर्षी फिल्मवरच्या आजाराच्या सावल्या विरू लागल्या, आणि पुढे जवळजवळ दिसेनाशा झाल्या. त्या गठ्ठ्यातली बाकीची बहुतेक माणसे मात्र वहीत लिहिल्याप्रमाणे गेली. बाईंच्याच सावल्या का विरल्या, याचे पूर्ण उत्तर त्यांच्याकडेही नाही. विद्यार्थ्यांना वही दाखवताना त्या आधी स्वतःचे चुकलेले पान उघडतात.

त्यानंतर रुग्णाला काही सांगण्याआधी त्या विचारू लागल्या, "जानना चाहते हो?" कुणी नको म्हटले की फिल्म बाजूला ठेवून मुलीच्या लग्नाची चौकशी करत.

बाईंना पंच्याहत्तर वर्षे पूर्ण होत आहेत. पुढचे ओळखायला त्यांनीच आम्हाला शिकवले. पण त्यांच्या बाबतीत आम्हा शिष्यांपैकी कुणालाही काही ओळखायचे नाही. त्यांचा श्वास मोकळा राहो, आणि पुष्कळ वर्षे राहो, एवढेच मागणे.