तुळसाकाकूचं गाडगं

आमचा देवमनदादा गेला. लोक इचारतेत, बेबीताई, तुह्या भावाची नोकरी कोनती व्हती? पानी मोजाची, दुसरी कोनती.

आसेगावले डाकबंगल्याच्या आवारात पाऊस मोजाचं सरकारी भांडं व्हतं. रोज सकाई दादा ते मोजे अन् आकडा पुन्याले पाठवे. तिथून तो जिनिव्हाले जाये, साऱ्या जगाच्या हवामानाच्या हापिसात. दादाले त्याचं लई कवतिक. म्हने, "बेबे, आसेगावचं पानी इमानात बसते, अन् मी एष्टीत उभा!"

अठ्ठ्याहत्तर साली पाऊस लांबला. गावात धोंडी निघाली, पोरं बेंडूक मुसयाले बांधून दारोदार फिरले, बायाईनं त्याइच्यावर पानी टाकलं. आमच्या शेजारची तुळसाकाकू मळेवाली. तिची वांगी करपून राह्यली व्हती. तिले वाटलं, सरकारचं भांडंच उपाशी हाय, तं पाऊस कायले येईन? तिनं गडवाभर पानी त्याच्यात ओतलं.

दादानं मोजलं, हासला, अन् शून्य लिवलं. भांडं रिकामं कराच्या आतच जीप आली. जिनिव्हाच्या हापिसातला गोरा साहेब, अन् संगं आपला मराठी साहेब. आभाय कोरडं ठक्क, भांड्यात पानी!

आपला साहेब भडकला. "देवमन, आकडे घरी बसून बनवतं काय? हे भांडंच उचलून नेतो!"

दादाचं तोंड उतरलं. भांडं गेलं म्हंजे दादाचं सारंच गेलं.

तुळसाकाकू पदर खोचत आली. "त्याले काहून बोलता बाप्पा? म्या पाजलं. उपाशी व्हतं ते."

दादा म्हने, "साहेब, म्या शून्यच लिवलं. हे पानी आभायातलं नाही, काकूच्या गडव्यातलं हाय."

गोऱ्या साहेबाले ते समजून सांगतलं, तो पोट धरून हासला. मंग शांतपनी बोलला, ते आपल्या साहेबानं मराठीत सांगतलं. "येत्या साली जिनिव्हाले साऱ्या देशाइची बैठक हाय, हवामान काहून बिघडून राह्यलं त्याची. आमी कोनाले हुकूम नाही देऊ शकत. सतरंजी आंथरतो, अन् सगळ्याइले पटन असा आकडा मधात ठेवतो. आकडा खोटा निघाला तं सारे उठून जातीन. म्हनून भांडं ऱ्हाऊ द्या, पन पुन्हा कोनी पानी टाकलं तं ते बंद."

लोक म्हने, काट्याइचं कुंपन कर. दादा म्हने, "काकूले काटे लावू काय?"

दुसऱ्या दिवशी त्यानं मातीचं गाडगं आनलं, भांड्यापासून दूर, कडुलिंबाखाली पुरलं. "काकू, हे तुमचं. पाजा किती पाजाचं ते." तवापासून बाया तिथंच पानी टाकत. आमी बौद्ध, आमच्यात धोंडी नाही, पन गाडगं फुटलं का नवं दादाच आने.

दादाच्या मातीहून आलो त्या दिवशी काकूची सून कस्तुरा गडवा घेऊन आली. भांड्याकडं पाह्यलंबी नाही. गाडग्यात पानी ओतलं, अन् माह्याजवळ येऊन बसली.

"बेबीताई," म्हने, "गाडगं तडकलं वं. आता कोन आनन?"

मी आनीन म्हनलं.