काळ्या कागदावरचं विमान

नातीने एका परदेशी मुलीचं युद्धातलं बालपण सांगणारं चित्रांचं पुस्तक उघडलं. त्यातलं काळंभोर पान पाहून मला एकाहत्तरची लढाई आणि खळीचा आंबूस वास आठवला. ब्लॅकआउटसाठी बाबांनी टेंभी नाक्याच्या आमच्या खोलीतल्या काचांना खळीने काळा कागद चिकटवलेला. मी त्यावर कर्कटकाने विमान कोरलं.

संध्याकाळी आईने दिवा लावला आणि खाली गलका झाला, "अरे, इशारे कोण देतंय?" माणसं जिना चढून थेट शेजारच्या नव्या, एकट्या भाडेकरूच्या दारावर धडकली. "अहो, माझा दिवा बंदच आहे!" तो ओरडत राहिला.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं, दिवा घालवला आणि अंधारात विमानावर गुपचूप कागदाचा तुकडा चिकटवला.

सकाळी शेजारच्या दाराला कुलूप होतं. कितीतरी वर्षं मी समजत होते, बाबांनी मला वाचवलं.