खुडूक कोंबडीखालची गिनीची अंडी

लग्न होऊन सिहोऱ्याला आले तेव्हा गोंदिया जिल्हा वेगळा झाला होता. माहेर तिकडे गेलं, सासर भंडाऱ्यात राहिलं. आणि सासरच्या आंगणात जे काही फडफडायचं ते सगळं सासूबाईंचं! लाल कोंबडी त्यांची, बोडक्या मानेची त्यांची, कोंबडा तर खासच त्यांचा. कण्या टाकायच्या मी, खुराडं झाडायचं मी, पण अंडं कुणाला द्यायचं आणि पिल्लू कुणाला, हे त्याच ठरवणार. माझा जीव जळायचा, खोटं कशाला बोलू?

अशात आंबागडला थोरल्या बहिणीकडे गेले आणि तिच्या गिनी कोंबड्या पाहिल्या. नजर हटेना! राखाडी अंगावर पांढरे ठिपके, डोक्यावर शिंगासारखा तुरा, आणि आवाज तर विचारूच नका. जंगलातून मुंगूस निघालं की सगळा कळप असा कल्ला करायचा की बहिणीच्या साध्या कोंबड्या पळत घरात शिरायच्या. "सापालेही घेरतेत ह्या," ती म्हणाली. "ने अंडे, बसव तुयाकडे." मी नको कशाला म्हणते! भाताच्या तणसात गुंडाळलेली अंडी एसटीत मांडीवर धरून आणली. प्रत्येक खड्ड्याला ड्रायव्हरला मनातल्या मनात शिव्या घातल्या.

सासूबाईंनी एक अंडं उचलून नखानं टोकलं. कवच भारी टणक. "हे कायचे अंडे वो? गोटे आणले का बहिणीकडून?" म्हणाल्या. पण नशीब माझं, लाल कोंबडी नेमकी तेव्हाच खुडूक झाली होती, अंड्यांवर बसायला आसुसलेली. "टाक माया अंड्यायच्या बाजूले," त्या म्हणाल्या. "पाहू काय निंगते तं." टोपल्यात तणीस अंथरलं. आभाळ गरजलं तर अंडी बाद होऊ नयेत म्हणून आमच्याकडे लोखंडी खिळा ठेवतात, तोही ठेवला. मग त्यांची अंडी आणि माझी अंडी, एकाच दिवशी तिच्याखाली सरकवली.

आणि तिथंच घोडं पेंड खात होतं! अंडी बसवली की तीन हप्ते, हे आमच्या गावात शेंबड्या पोरालाही पाठ. गिनीला चार लागतात हे ना बहिणीनं सांगितलं, ना मी विचारलं. तीन हप्ते झाले, सासूबाईंची पिल्लं चिवचिवत बाहेर आली आणि लाल कोंबडी त्यांना घेऊन ऐटीत आंगणात उतरली. माझी अंडी टोपल्यात तशीच पडली होती.

मी तिला धरून बसवलं, ती उठली. पुन्हा बसवलं तर हातावर चोच मारून गेली. "बाद झाले वो ते," सासूबाई म्हणाल्या. "फेक उकिरड्यावर."

फेक म्हणे! अख्ख्या घरात माझं म्हणावं असं तेवढंच होतं. हात लावून पाहिलं, अंडी अजून गरम होती. अंड्याची शंका आली की माझी आई ते कोमट पाण्यात सोडून बघायची; आत जीव असला तर अंडं हलतं. मी घमेल्यात पाणी घेतलं, एक अंडं हळूच सोडलं. पाणी स्थिर झालं. अंडं नुसतंच तरंगत राहिलं. आणि मग ते हललं. आपलं आपण! दुसरं सोडलं, तेही हललं. एकेक करत सगळी सोडली, सगळी हलली.

मी सासूबाईंना हाक मारली, "आई, पाहा ना जी! जित्ते आहेत! सप्पा जित्ते आहेत!"

सासूबाई गुडघ्यांवर हात ठेवून घमेल्यावर वाकल्या. मग पदर खोचून तरातरा शेजारणीकडे निघाल्या. शेजारणीची काळी कोंबडीही खुडूक होती, पण शेजारणीला ती अंड्यांवर बसवायची नव्हती, म्हणून खुडूक मोडायला कोंबडीच्या नाकात पीस अडकवून ठेवलं होतं. "काढ ते पीस," सासूबाईंचा आवाज मला इकडे ऐकू आला. "आन् कोंबडी दे. निम्मे पिल्ले तुये." कोंबडी एकीची, अंडी दुसरीची, तर पिल्लं अर्धी-अर्धी, हा आमचा रिवाजच. पण माझ्या अंड्यांची वाटणीही सासूबाईंनीच करून टाकली! अंडी पुसून, पदरात पोटाशी धरून मी उभी होते. रागवावं का पाया पडावं, काही कळेना.

काळीला आणून आमच्या टोपल्यात बसवलं. ती मात्र अशी बसली की हलायचं नाव नाही. तो हप्ताभर माझं चित्तच थाऱ्यावर नव्हतं. दोनदा भात करपवला. मग एका सकाळी भांडी घासताना बारीक शिट्टीसारखा आवाज आला. राखेच्या हातांनीच धावले. काळीच्या पंखाखालून तपकिरी पट्ट्यापट्ट्यांचं, तांबड्या पायांचं एक पिल्लू डोकावत होतं. त्याच्यामागं दुसरं! "निंगाले वो माय, निंगाले!" मी आंगणात नाचलेच.

शेजारीण पळत आली. टोपल्यात वाकून सासूबाईंना म्हणाली, "गजब पिल्ले हायेत वो बाई! माये कोन्ते ते आत्ताच सांग, पायाले दोरा बांधून ठेवतो."

सासूबाई कोंबड्यांना कण्या टाकत होत्या. वरही न बघता म्हणाल्या, "मले काहून इचारतं? माये नाई ते. माया सुनेचे व्हय. तिले इचार."

शेजारीण माझ्याकडे वळली. मी राखेचे हात पदराला पुसले. म्हटलं, "घ्या ना मावशी. तुमच्या हातानं निवडा."

त्या आंगणातलं काही कुणाला देण्याची माझी ती पहिलीच वेळ होती.