दातवाल्याला परत पुरायचं

पेरूच्या वाळवंटात मोचे नावाच्या जुन्या लोकांचं एक देऊळ आहे, कच्च्या विटांचं. तिथल्या भिंतीवर देवाचा चेहरा रंगवलाय. लाल तोंड, पिवळे कान, बाहेर आलेले सुळे. मी तो कधी प्रत्यक्ष पाहिलेला नाही, पण इथे जर्मनीत, गार्चिंगच्या इन्स्टिट्यूटमध्ये बसून, फोटोंचे तुकडे जोडून त्याचं थ्रीडी मॉडेल मीच केलं. आईला फोटो पाठवला तर म्हणाली, "हा तर दात काढून हसतोय!" तेव्हापासून तो आमचा दातवाला.

ऑगस्टमध्ये टीम खोदायला जाणार होती आणि मला त्यात घुसायचंच होतं. एकदा तरी त्याच्यासमोर उभं राहायचं होतं.

मग मीटिंगमध्ये प्रोफेसरबाईंनी शांतपणे सांगितलं, यंदा ती भिंत वाळू भरून परत बुजवायची. उन्हावाऱ्याने रंग उडतोय. सगळ्यांनी माना डोलावल्या. मी आपला बघतोय, कोणी हसतंय का.

जेवणाच्या सुट्टीत इन्स्टिट्यूटच्या किचनमधून आईला व्हिडिओ कॉल लावला.

"सापडलेलं परत पुरायचं? मग उकरलं कशाला?"

"आई, त्या लोकांनी पण तेच केलेलं. रंगवलेली भिंत विटांनी बुजवायची, वर नवीन देऊळ बांधायचं. म्हणून तर रंग टिकले."

"मग बुजवलेलं होतं की चांगलं! तुम्ही मधे कशाला तडमडलात?"

अडचणीत सापडलो की मी नक्कल करतो. शाळेत हेडसरांची करून करून वर्गाबाहेरची जागा पक्की झाली होती माझी. प्रोफेसरबाईंसारखा चष्मा नाकाच्या शेंड्यावर ओढला, मान तिरकी केली, मधे मधे त्यांचे जर्मन शब्द टाकले. "आल्झो... रंग वाचवायचा, तर पुरायचा. गेनाऊ!"

आई खो खो हसली. मग एकदम पदर सावरला. "अरे, मागे कोणीतरी बाई उभ्यात."

त्याच. हातात कॉफीचा मग, चष्मा शेंड्यावर, मान तिरकी.

म्हटलं, गेलं पेरू.

"मान जरा जास्त वाकवता तुम्ही," बाई म्हणाल्या. "आई काय विचारतायत?"

मी सांगितलं. त्यांनी मग टेबलावर ठेवला.

"मलाही तेच वाटतं कधीकधी. खोदायला सगळेच तयार असतात, बुजवायला कोणी येत नाही. आधी कापड लावायचं, मग हळूहळू वाळू. तुम्ही याल?"

मी मान हलवली. तिरकीच हलली असणार. बाई गेल्या.

"ओरडल्या का रे?"

"नाही. नेतायत मला."

"अगंबाई! मग तोंड का पाडलंयस?"

"त्याच्यावर वाळू टाकायला नेतायत, आई."

आता पेढे वाटायचे की काय करायचं, तिलाही कळेना. मग म्हणाली, "आधी माझा नमस्कार सांग त्याला. आणि हनुवटीकडून सुरू कर. डोळे शेवटी."